‘किती वाजले?’

दिवसातून अनेक वेळा माणसे एकमेकांना एक प्रश्न विचारतात. तो इतका सरावाचा झालेला आहे की, त्यातील शब्दांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘किती वाजले?’ हा तो प्रश्न होय. वाजणे हे क्रियापद वास्तविक ध्वनीचे आहे. सनई वाजते, नगारा वाजतो, दारावरची कडी वाजते. मनगटावरचे घड्याळ मात्र वाजत नाही, आणि अलीकडे ज्या दूरध्वनीच्या काचेवर वेळ पाहिली जाते तोही अंक दाखवितो, टोले देत नाही. तरीही ‘घड्याळ काय दाखवते?’ असे कोणी विचारीत नाही. मराठी माणूस वेळ डोळ्यांनी पाहतो आणि कानांनी ऐकल्यासारखी सांगतो. हा विसंगत वाटणारा प्रयोग भाषेत कसा आला, याचा शोध घेऊ लागले म्हणजे साध्या साध्या शब्दांत केवढा इतिहास दडलेला असतो याची कल्पना येते.

हा शोध रायपूरसारख्या शहरातून घेणे सोयीचे आहे. छत्तीसगडचा मराठीशी संबंध आजचा नव्हे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या हाताखाली रतनपुरावर आल्या. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून या प्रदेशाचा कारभार केला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य होऊन रायपूर त्याची राजधानी झाली. या स्थित्यंतरांत येथे आलेली मराठी कुटुंबे येथलीच होऊन गेली. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांनी आयुष्याचा अखेरचा काळ याच शहरात काढला व १९२६ मध्ये ते येथेच निवर्तले.

अशा मराठी घरात दोन भाषा उंबरठ्याच्या आत आणि बाहेर वावरत असतात. घरातली गृहिणी म्हणते, ‘भाजी शिजायला अर्धा तास लागेल.’ तोच अवधी दारावर आलेल्या शेजारणीस सांगताना ती ‘आधा घंटा’ म्हणते. तिच्या मराठीत घंटा देवळात टांगलेली असते किंवा शाळेत होते. हिंदीत मात्र घंटा म्हणजे साठ मिनिटेही होतात. मराठीतील घडी कापडाची असते. हिंदीतील घडी मनगटाला बांधतात. लहान मुलाला यात गोंधळ वाटतो, आणि थोरांना त्याची सवय झालेली असते. शहराच्या मध्यभागी, जिल्हा कचेरीजवळ, एक चौकच ‘घडी चौक’ या नावाने प्रसिद्ध आहे. तेथील नगरघडीने टोले देण्यापूर्वी छत्तीसगढी लोकगीताची धून वाजवावी, अशी योजना करण्यात आली होती. नगराची वेळ नगराच्या कानावर घालावी ही त्यामागची कल्पना नवी नाही. ती फार जुनी आहे. तास आणि घंटा हे दोन्ही शब्द त्याच कल्पनेतून जन्मास आले आहेत.

प्रथम तास हा शब्द घेऊ. आज त्याचा अर्थ साठ मिनिटांचा काळ एवढाच उरला आहे. परंतु जुन्या मराठीत तास म्हणजे टांगून वाजवावयाची धातूची जाड थाळी. लाकडी मोगरीने तिच्यावर ठोके देऊन वेळ जाहीर करीत. ठोके देण्याच्या वस्तूचे नाव दोन ठोक्यांमधील अवधीस मिळाले आणि पुढे वस्तू विस्मृतीत जाऊन केवळ अवधी शिल्लक राहिला. हिंदीतील घंटा या शब्दाची वाटचाल अगदी अशीच झाली. फरक इतकाच की, हिंदीने मूळ अर्थ सोडला नाही. म्हणजे रायपूरच्या त्या गृहिणीचा ‘तास’ आणि तिच्या शेजारणीचा ‘घंटा’ हे एकाच वस्तूपासून निघालेले दोन शब्द आहेत. दोघींच्या भाषांनी वेळेस पितळेच्या अथवा काशाच्या थाळीचे नाव दिले.

तास हा शब्द मराठीत फारसी–अरबीच्या वाटेने आला. त्या भाषांत त्याचा अर्थ वाटी, पेला, परात असा होता. हात धुण्यासाठी आपल्याकडे जे तस्त वापरीत, ते याच कुळातले. लग्नकार्यात कडकडणारा ताशाही याच घराण्याचा. त्याची कुंडी धातूच्या वाटीसारखी असते. हा शब्द पश्चिमेकडेही गेला. फ्रेंच भाषेत पेल्याला आजही ‘तास’ म्हणतात आणि जर्मनीत ‘टासे’. एकच शब्द पॅरिसमध्ये कॉफीचा पेला झाला आणि पुण्यात साठ मिनिटे. शाळेच्या वेळापत्रकातील ‘तासिका’ हा शब्द तर मौजेचा आहे. त्याचे रूप संस्कृत दिसते, शेवटचा प्रत्यय संस्कृत आहे, आणि आत बसलेला शब्द मात्र फारसी–अरबी.

वाटीचा आणि वेळेचा संबंध का यावा, हे समजण्यासाठी जुन्या कालमापनाकडे वळले पाहिजे. भारतात पुष्कळ शतके वेळ मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तांब्याची एक लहान वाटी तरंगत सोडावयाची. वाटीच्या तळाला बारीक छिद्र असे. त्यातून पाणी आत येऊन वाटी भरली म्हणजे ती बुडे. छिद्र अशा बेताने पाडलेले असे की, एका अहोरात्रात वाटी साठ वेळा भरावी. ‘सूर्यसिद्धांत’ या ग्रंथातही हेच प्रमाण दिले आहे. वाटी एकदा भरण्याचा काळ म्हणजे एक घटिका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. घटिकेची साठ पळे. एक पळ २४ सेकंदांचे. दोन घटिकांचा एक मुहूर्त, साडेसात घटिकांचा एक प्रहर आणि आठ प्रहरांचे एक अहोरात्र. आजचा तास म्हणजे अडीच घटिका. घट म्हणजे घडा, घटी म्हणजे लहान घडा. घटिका, घटका, हिंदीतील घडी आणि मराठीतील घड्याळ हे सारे त्या लहानशा भांड्याचे वंशज आहेत. नदीतील घडियाल नावाच्या सुसरीच्या जातीतही हाच घडा आहे. नराच्या नाकाच्या शेंड्यावर मडक्यासारखा गोळा असतो, त्यावरून ते नाव पडले.

मराठी भाषेने ही वाटी आपल्या वाक्प्रचारांत जपून ठेवली आहे. ‘त्याची घटका भरली’ असे एखाद्याविषयी म्हणतात, तेव्हा भरते ती वाटी होय. छिद्रातून पाणी आत येते, वाटी काठोकाठ होते आणि बुडते. मनुष्याच्या आयुष्यासंबंधी याहून नेमकी उपमा सापडणे कठीण. मृत्युशय्येवरील माणूस ‘शेवटच्या घटका मोजतो’, पाहुण्याला ‘घटकाभर बसा’ म्हणून आग्रह होतो, आई मुलाला ‘पळभरही’ दृष्टीआड होऊ देत नाही. लग्नातील घटिकापात्राचा विधी तर पुष्कळांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला असतो. यंत्र गेले, माप गेले, तरी त्या मापाने मोजलेल्या भावना भाषेत राहिल्या.

परंतु वाटी स्वतः मुकी असते. ती बुडाली हे जवळ बसलेल्या माणसालाच कळणार. गावाला ते कळविण्यासाठी दुसरे साधन हवे, आणि ते म्हणजे टांगलेली थाळी. वाटी मोजी आणि थाळी सांगे. १५२६ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या बाबराला ही व्यवस्था इतकी लक्षणीय वाटली की, त्याने आपल्या आत्मचरित्रात तिचे बारकाईने वर्णन केले आहे. परातीएवढी रुंद आणि दोन बोटे जाड पितळेची थाळी उंच जागी टांगतात, तिला घडियाल म्हणतात, आणि पात्र भरताच नेमलेले लोक तिच्यावर ठोके देतात, असे तो सांगतो. त्याच्याही आधी दीडशेहून अधिक वर्षे दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने असेच ‘तास घडियाल’ बसविल्याची हकीकत त्या काळच्या अफीफ या इतिहासकाराने नोंदविली आहे. त्या नावात तास आणि घड्याळ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे आहेत.

थाळीपाशी माणूस हवा, तो रात्रीही जागा हवा. प्रहराप्रहराने जागणाऱ्या या माणसाचे काम म्हणजे ‘पहारा’. तो शब्दही प्रहरावरूनच आला. इंग्रजीत मनगटावरच्या घड्याळाचे आणि राखणीचे नाव एकच आहे, त्याचे कारण हेच. जो जागतो त्याला वेळ कळते, आणि ज्याला वेळ कळते त्यानेच इतरांना ती सांगावयाची. तुरुंगाच्या आणि सरकारी खजिन्याच्या दाराशी पहारेकऱ्याने ताशी टोले देण्याची पद्धत पुढेही दीर्घकाळ टिकली. कित्येक खेड्यांतील शाळांत रेल्वेच्या रुळाचा तुकडा झाडाला टांगून त्यावर लोखंडी कांबीने ठोके देत. त्या तुकड्यालाही मुले ‘घंटा’ म्हणत. आकार घंटेचा नसला तरी काम घंटेचे होते, आणि शब्द कामाला चिकटतो.

हा केवळ हिंदुस्थानी भाषांचा विशेष असता तर त्यास चमत्कार म्हणून सोडून देता आले असते. परंतु युरोपच्या उत्तर टोकाला, स्वीडन देशात, नेमकी हीच गोष्ट आढळते. तेथील नित्याच्या भाषेत घड्याळाला ‘क्लॉक्का’ म्हणतात, आणि घंटेलाही ‘क्लॉक्का’च म्हणतात. देवळावरची घंटा क्लॉक्का, दारावरची घंटा क्लॉक्का आणि मनगटावर बांधावयाचे तेही क्लॉक्का. किती वाजले, हे विचारण्यासाठी स्वीडिश माणूस ‘क्लॉक्का काय आहे?’ अशा अर्थाचे वाक्य वापरतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘घंटा किती?’ असाच होतो. रानात उगवणाऱ्या एका निळ्या फुलाचे नाव ‘निळी घंटा’ अशा अर्थाचे आहे, आणि चर्चमध्ये घंटा वाजविण्याचे काम ज्याच्याकडे असे त्या सेवकाला ‘क्लॉक्कारे’ हे नाव पडले.

या शब्दाचे मूळ शोधीत गेल्यास ते उत्तर जर्मनीच्या बोलीतून मध्ययुगीन लॅटिनमधील ‘क्लॉक्का’ या शब्दापाशी पोहोचते. आयर्लंडमधील ख्रिस्ती साधू सातव्या–आठव्या शतकांत धर्मप्रसारासाठी युरोपभर हिंडले, आणि हातात धरावयाच्या घंटा त्यांच्याबरोबर गेल्या. या घंटा पुष्कळदा लोखंडी पत्रा वाकवून व त्यास काशाचा मुलामा देऊन केलेल्या असत. त्यांचा नाद खणखणीत नसून कोरडा होता. तो आवाज ऐकूनच ‘क्लॉक’ हा शब्द तयार झाला असावा, असे पुष्कळ पंडितांचे मत आहे. मराठीत टण्‌टण् आणि खणखण यांवरून जसे शब्द होतात तसेच हे. त्याच शब्दापासून जर्मनीत ‘ग्लोके’ आणि फ्रान्समध्ये ‘क्लोश’ झाले. त्या दोघांचाही अर्थ घंटा असाच राहिला. इंग्रजांनी मात्र तो शब्द घड्याळासाठी घेतला आणि घंटेसाठी वेगळा शब्द ठेवला. स्वीडिश भाषेने दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदविले. हिंदीतील घंटा या शब्दाचे सख्खे भावंड शोधावयाचे झाल्यास ते स्वीडनमध्ये सापडते.

असे होण्याचे कारण घड्याळाच्या इतिहासात आहे. युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस दातेरी चाकांची यंत्रघड्याळे होऊ लागली, तेव्हा त्यांतील कित्येकांना तबकडी आणि काटे नव्हतेच. इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या चर्चमध्ये सुमारे १३८६ सालचे घड्याळ आहे. त्याला तबकडी नाही. त्याचे काम टोले देणे एवढेच. वेळ पाहावयाची वस्तू झाली ती नंतर. आधी ती ऐकावयाची होती. म्हणून जे नाव पडले ते आवाजाचे पडले. आपल्याकडे मात्र वाटी आणि थाळी ही दोन साधने प्रारंभापासून वेगळी असल्यामुळे नावेही दोन झाली. मोजणाऱ्या वाटीवरून घटका व घड्याळ, आणि सांगणाऱ्या थाळीवरून तास. मोजणे आणि सांगणे यांतील हा भेद पुढे पाहावयाच्या गोष्टीत महत्त्वाचा ठरतो.

स्वीडिश आणि मराठी यांच्यात आणखी एक साम्य आहे. अडीच वाजले असता स्वीडिश माणूस ‘हाल्व त्रे’ म्हणतो. त्याचा शब्दार्थ ‘अर्धा तीन’; म्हणजे दोन पुरे झाले, तिसरा अर्धा झाला. परक्याला हे ऐकून बुचकळ्यात पडावयास होते. मराठी माणसाने मात्र आश्चर्य करण्याचे कारण नाही, कारण आपला ‘अडीच’ हा शब्द संस्कृतातील ‘अर्धतृतीय’ यापासूनच, प्राकृतातील ‘अड्ढाइज्ज’ या रूपातून, आलेला आहे. तिसरा अर्धा, हाच त्याचाही अर्थ. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांच्याबरोबर औटकीही पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. तो ‘अर्धचतुर्थ’ या शब्दाचा अपभ्रंश. साडेतीन वाजता स्वीडिश माणूस ‘अर्धा चार’ म्हणतो, तो आपला औटच. साडे हा शब्द ‘सार्ध’, म्हणजे अर्ध्यासह, यावरून आला. हजारो मैलांचे अंतर असलेल्या दोन देशांतील बायाबापड्यांनी अर्ध्याचा हिशेब एकाच रीतीने करावा, ही मनुष्यबुद्धीच्या एकत्वाची साक्ष म्हटली पाहिजे.

नातेही थोडे आहेच. घड्याळासाठी स्वीडिश भाषेत ‘ऊर’ असा आणखी एक शब्द आहे. तो लॅटिन ‘होरा’पासून आला, आणि लॅटिनने तो ग्रीकांकडून घेतला. ज्योतिषातील ‘होरा’ हा आपला शब्दही ग्रीकांकडूनच आलेला. अहोरात्र या शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरे गाळून होरा झाला, असे काहींचे मत वराहमिहिराने नमूद करून ठेवले आहे. परका शब्द घरात रुळला म्हणजे लोक त्याचे गोत्रही घरातच शोधू लागतात.

येथवर शब्दांची कथा झाली. परंतु वेळ सांगणारी थाळी कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. सूर्य प्रत्येक गावाला निरनिराळ्या क्षणी माथ्यावर येतो. म्हणून आगगाडी येईपर्यंत प्रत्येक गावची वेळ आपापली होती. आगगाडीला ते परवडणारे नव्हते. स्वीडनने १ जानेवारी १८७९ पासून सबंध देशासाठी एक वेळ कायद्याने लागू केली. हिंदुस्थानातील रेल्वे त्या काळी मद्रासच्या वेळेने चालत. १८८१ मध्ये मुंबई सरकारने मुंबईवरही मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न केला. मुंबईची वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्ध्या तासाने मागे होती. नागरिकांनी इतका विरोध केला की, १८८३ मध्ये सरकारला तो हुकूम मागे घ्यावा लागला. १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हाही त्या वेळी वादाचा विषय झाला होता. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावर आधारलेली प्रमाणवेळ हिंदुस्थानसाठी ठरली. तरी मुंबईने आपली सुमारे ३९ मिनिटे मागची वेळ नगरपालिकेच्या घड्याळांत १९५५ पर्यंत चालू ठेवली. परकीय सरकारने आपल्या सूर्यावर हुकूम चालवावा, हे त्या नगरीला रुचले नाही.

रायपूरच्या बाबतीत योग असा की, तो रेखांश छत्तीसगडमधूनच जातो. त्यामुळे रायपूरची सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांत सरासरी अवघे साडेतीन मिनिटांचे अंतर पडते. मुंबईकराला घड्याळ आणि सूर्य यांत निवड करावी लागली. रायपूरकराला तो त्रास झाला नाही. छत्तीसगढी भाषेत वेळेला ‘बेरा’ म्हणतात. मराठी ‘वेळ’ आणि हा ‘बेरा’ दोन्ही संस्कृत ‘वेला’ या शब्दाचीच रूपे होत. वेला म्हणजे समय, आणि वेला म्हणजे समुद्राची मर्यादाही. धानाच्या शेतात रोपणीला निघालेल्या शेतकऱ्याचा बेरा सूर्यावर चालत असे. त्यात सकाळ होती, दुपार होती, दिवेलागण होती. परंतु दहा वाजून पंधरा मिनिटे नव्हती. तोच शेतकरी कचेरीत तारखेला आला म्हणजे मात्र त्याला घंट्याप्रमाणे वागावे लागे. शिपायाने नावाचा पुकारा केला आणि तो हजर नसला, तर नुकसान त्याचे होई. बेरा आणि घंटा यांतील अंतर मिनिटांत मोजण्याजोगे नव्हते. ते दोन प्रकारच्या जीवनांतील अंतर होते.

हे अंतर सर्वांत तीव्रतेने जाणवले ते गिरणीत. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यातील मागण्या पाहण्यासारख्या आहेत. आठवड्यातून रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. या शेवटच्या मागणीत आरंभ घड्याळाचा आहे आणि शेवट सूर्याचा. खेड्यातून आलेला माणूस दोन काळांच्या सीमेवर उभा असल्याचे याहून स्पष्ट चित्र मिळणार नाही. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. रायपूरनजीकच्या राजनांदगावात १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली कापड गिरणीच्या कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला, त्याच्याही मुळाशी कामाच्या दीर्घ तासांचेच गाऱ्हाणे होते. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास कायद्याने मर्यादा घातली ती १९११ मध्ये, आणि ती दिवसाला बारा तासांची होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरविले.

जोवर मालकाचा भोंगा हेच घड्याळ होते, तोवर मोजणे आणि सांगणे ही दोन्ही कामे मालकाच्या हाती होती. कामगाराला वेळ मोजता येत नव्हती. त्याला ती फक्त ऐकावी लागे. ‘तास किती झाले?’ हा प्रश्न त्याने विचारावयास आरंभ केला, तेव्हा कायद्याला उत्तर द्यावे लागले. ज्या थाळीने त्याला कामावर बोलाविले, तिच्याच ठोक्यांचा हिशेब त्याने आपल्या मजुरीच्या आणि विश्रांतीच्या बाजूस मांडला. ‘आठ तास’ हे दोन शब्द जगभरच्या श्रमिकांची मागणी झाले, त्यांतील तास हा केवळ साठ मिनिटांचा काळ नव्हता. ते मनुष्याच्या आयुष्याचे माप होते. वाटीत भरणारे पाणी शेवटी त्याचेच होते.

तास हा शब्द परका म्हणून टाकून द्यावा की काय, अशी चर्चा भाषाशुद्धीच्या प्रसंगाने कधी कधी निघते. तिचे उत्तर या इतिहासातच आहे. घटका हा शब्द संस्कृत कुळातला, तास फारसी–अरबी वाटेने आलेला, मिनिट आणि सेकंद इंग्रजीतून आलेले. चौघेही आज एका घरात नांदतात आणि प्रत्येकाला आपापले काम आहे. मरणाची घटका असते, तास नसतो. मजुरीचा तास असतो, घटका नसते. गाडी चुकते ती मिनिटाने, आणि प्रेमाची ओढ पळापळाने वाढते. यांपैकी एकाला बाहेर काढले तर त्याच्यामागून त्याचे अनुभवही जातील. शब्दाचे गाव कोणते यापेक्षा त्याने कोणाकोणाची सेवा केली, हे पाहून त्याला नागरिकत्व द्यावे हे उचित.

आता थाळी गेली, भोंगे बहुतेक थांबले, आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र, मुकी वेळ आली आहे. पूर्वी टोला पडला म्हणजे तो सावकाराला आणि त्याच्या गड्याला, पहारेकऱ्याला आणि कैद्याला एकाच क्षणी ऐकू येई. आज प्रत्येकजण आपली वेळ आपणच पाहतो. या सोयीचे मोल कमी नाही. मोजण्याचे साधन प्रत्येकाच्या हाती आले, ही गेल्या शतकातील मोठीच प्राप्ती होय. मात्र भाषेने अजून जुना संकेत सोडलेला नाही. रायपुरात, मुंबईत वा स्टॉकहोममध्ये एखादा प्रवासी फलाटावर शेजारच्या अनोळखी माणसाला वेळ विचारतो, तेव्हा तो ‘किती वाजले?’ म्हणो, ‘कितने बजे?’ म्हणो, की ‘क्लॉक्का काय आहे?’ म्हणो, वेळ ही दोघांनी मिळून ऐकावयाची वस्तू आहे, असेच त्याची भाषा गृहीत धरते.